लोखंड्याची जबानी

पेशकारसाहेबांनी ट्रॅक्टरला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या नावाचा.

"नाव?"

ट्रॅक्टर गप्प.

"आरोपी मौन धरून आहे," असं म्हणत त्यांनी मांडीवरच्या कागदावर मोडीत ओळ ओढली. मग बापाचं नाव, राहणार, धंदा. उत्तरं अर्थातच त्यांनीच दिली. राहणार विलायत, हल्ली मुक्काम तिरल्याजवळ, जिल्हा धार. धंदा नांगरट. वय सज्ञान दिसते. एवढं झाल्यावर त्यांनी डोक्यावरची पगडी काढून ट्रॅक्टरच्या बैठकीवर ठेवली, काळा अल्पाकाचा कोट घडी करून तिच्याशेजारी ठेवला आणि स्वतः धोतराचा काचा मारून थेट इंजिनाखाली शिरले. बाहेर फक्त दोन पाय. पगडी वर न्यायासनावर आणि न्यायाधीश खाली चिखलात, असं न्यायालय अख्ख्या माळव्यात दुसरं नव्हतं. कुणी दाखवून द्यावं, मी माझ्या मिशा उतरवीन.

पण ट्रॅक्टर आला कसा, ते आधी सांगतो.

आमच्या जहागीरदारांना, म्हणजे सरकारांना, विलायती मासिकातली चित्रं बघायचा नाद. पहिलं महायुद्ध संपून काही वर्षं झाली होती. एका चित्रात गोरा माणूस लोखंडी यंत्रावर बसून नांगरतोय आणि तोंडात चिरूट. सरकारांना नांगरट आवडली की चिरूट, ते मला आजवर कळलेलं नाही. यंत्र बोटीनं मुंबईला आलं, रेल्वेनं महूला आलं, आणि पुढे आगगाडी नाही म्हणून महूहून आमच्या शिवारापर्यंत आठ बैलजोड्यांनी ओढून आणलं. वाटेत तीन पूल वाकले, एक नदी बाजूला सरकली आणि दोन गावांनी आम्हाला रथयात्रा समजून नारळ फोडले. सगळ्यात पुढे भेराजी होता, सरकारांचा जुना हाळी, म्हणजे नांगरट करणारा गडी. चाळीस वर्षं बैलांच्या शेपट्या पिळलेला माणूस. शेतात पोचल्यावर त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "भिया, जो खुद बैल के भरोसे आयो, वो बैल को काम कईं करेगो?"

नाव मात्र त्यानंच ठेवलं. त्याचा एक बैल धोळ्यो, दुसरा काळ्यो, म्हणून हा लोखंड्यो. आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी त्याचा लोखंड्या झाला.

ड्रायव्हर मी. माझी नेमणूक ऐका. सरकारांनी विचारलं, "मोटारीत कधी बसला आहेस?" इंदुरात एकदा एका मोटारीच्या पायरीला लटकून मी अर्धा फर्लांग गेलो होतो आणि लाथ मारून उतरवला गेलो होतो. म्हटलं, "बसलोय, सरकार." संध्याकाळी माझ्या डोक्यावर ड्रायव्हरची टोपी होती.

पहिल्या उन्हाळ्यात लोखंड्याला खोकला लागला. धूर काळा, दम छोटा. इंदूरच्या मिस्त्रीला निरोप धाडला, तर तो म्हणाला महिन्याने येतो. त्याच सुमाराला धारच्या कचेरीतले एक पेशकार बांधाच्या तंट्याची चौकशी करायला आमच्याकडे आले होते. पेशकार म्हणजे न्यायाधीशापुढे कागद मांडणारा आणि साक्षीदारांच्या जबान्या लिहून घेणारा. चौकशी सोडून हे गृहस्थ खोकला ऐकत उभे राहिले. म्हणाले, "हा साक्षीदार काहीतरी लपवतोय."

मग तो वर सांगितलेला प्रकार झाला. नाव, गाव, पगडी, चिखल. इंजिनाखालून बाहेर आल्यावर त्यांनी आम्हा प्रत्येकाची जबानी घेतली. माझी, भेराजीची, राखण करणाऱ्या म्हाताऱ्याची. म्हाताऱ्याला विचारलं, "दिवसभर इथं बसून काय पाहतोस?"

"काही नाही, साहेब. ती कुंभारीण माशी येते, जाते. तोंडात चिखल असतो तिच्या."

"जाते कुठे?"

म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. हवेच्या नळीत माशीनं मातीचं चांगलं दुमजली घर बांधलं होतं. वरच्या मजल्यावर पोरंबाळं. पेशकारसाहेबांनी ते घर न मोडता अलगद काढून बाभळीच्या ढोलीत ठेवलं, आणि कागदावर लिहिलं: यंत्र निर्दोष, सोडून द्यावे. हँडल फिरवलं तर लोखंड्या असा गरजला की तिरल्यात कुणाच्या तरी म्हशीनं दोन दिवसांचं दूध एकाच वेळी दिलं.

आठ दिवसांनी साहेब राजीनामा देऊन परत आले. तीस वर्षांची पेशकारी, मानाची खुर्ची, सगळं सोडून. सरकारही चकित. "पेशकार, अहो लोक काय म्हणतील?"

"सरकार, तीस वर्षं माणसांच्या जबान्या लिहिल्या. त्यातल्या खऱ्या किती, ते माझा बोरू जाणे. हे यंत्र एकदाही खोटं बोललं नाही. उरलेलं आयुष्य खऱ्याच्या सोबतीत काढावं म्हणतो."

हे ते हसत म्हणाले नव्हते. मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

त्यांच्या तऱ्हा किती सांगू! बोरू फक्त लिहायला नव्हता. त्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. म्हणत, कानाला खुशामत आवडते, दाताला नाही. दातांतून ऐकून ते सांगत की तिसऱ्या नंबरचा प्लग उद्या दुपारी जेवणानंतर जाणार. आणि तो जायचा! जेवणाआधी एकदा गेला, तर त्यांनी त्याला समज दिली. तेल बोटावर घेऊन चाखत. एकदा थू करून म्हणाले, "तेलात माती आहे. आणि आपली काळी नव्हे, सतवासच्या बाजूची." चौकशी केली तेव्हा कळलं की तेलाचा डबा सतवासच्या बाजारावरून फिरून आला होता. आता ही गोष्ट मी देवासात सांगितली की लोक हसतात. हसोत. देवासात एका गावाचे दोन राजे होते, त्यावर विश्वास ठेवतात आणि माझ्यावर नाही.

घाईची त्यांना चीड. "घाईत दिलेला निकाल आणि घाईत फिरवलेलं हँडल, दोन्ही उलटून मनगट मोडतात." आणि हे सांगताना आपलं डावं मनगट दाखवीत, ते दोन ठिकाणी वाकडं होतं. "एक निकालाचं, एक हँडलचं," म्हणत.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, धारहून डबा पाठवीत त्यात चिठ्ठी असे: माझ्या धाकट्या सवतीला नमस्कार सांगा आणि येताना हात घासलेटानं नव्हे, साबणानं धुवून या.

बिघाड काहीही असो, साहेबांची पहिली पायरी ठरलेली. पोटाची चौकशी. टाकीचं टोपण उघडायचं, आत काठी घालून घासलेट मोजायचं, टोपण लावायचं, मग पुढची बात. उपाशीपोटी माणसाची जबानी घेऊ नये हा कचेरीतला नियम त्यांनी यंत्रालाही लावला होता. हा नियम लक्षात ठेवा. आम्ही सगळे त्याच्यातच अडकलो.

त्या वर्षी खंडेनवमीला शस्त्रांची, औतांची पूजा झाली. लोखंड्याची पूजा साहेबांनी स्वतः केली, कुणाला हात लावू दिला नाही. झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू, पुढे कोहळा. दसऱ्यानंतर गव्हाची नांगरट काढली आणि पहिल्याच दिवशी लोखंड्या अर्ध्या तासात शेताच्या मधोमध बसला. न खोकला, न धूर. दिवा विझावा तसा विझला.

साहेब आले. पगडी बैठकीवर. पोटाची चौकशी केली, टाकी भरलेली. टोपण लावलं. हँडल मारलं, आणि लोखंड्या खणखणीत सुरू! अर्ध्या तासानं पुन्हा बंद. पुन्हा साहेब, पुन्हा काठी, पुन्हा सुरू.

शेतावर बातमी पसरली की साहेबांच्या हाताला यश आहे, ट्रॅक्टर त्यांना ओळखतो, नुसती सावली पडली की चालतो. बाया पोरांना घेऊन आल्या, पोटदुखीवर हात फिरवा म्हणून. साहेब वरवर रागावले, पण पगडी जरा तिरपी बसायला लागली. भेराजी बैल हाकता हाकता ओरडायचा, "साब, अपणो धोळ्यो तो बिना आशीर्वाद के ई चाले हे!"

आतून मात्र ते पोखरले होते. प्लग काढून घासले, तांब्याची नळी फुंकून साफ केली, ठिणगी तपासली. जबान्यांचा गठ्ठा विटेएवढा झाला. दोष सापडेना. दिवसाला जेवढं भेराजीची जोडी नांगरी, तेवढंही लोखंड्या नांगरीना. जमिनीतली ओल उडत चालली आणि सरकारांचा धीरही. देवासचा एक ठेकेदार यंत्र घ्यायला तयार होता, कापसाच्या कारखान्यात पट्टा फिरवायला. सरकारांनी सांगितलं, "पेशकार, धनत्रयोदशीला तो येतोय. त्याच्या डोळ्यांदेखत ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत वीस बिघे न थांबता नांगरा. नाही जमलं तर यंत्र त्याच्यामागे देवासला जाईल."

साहेब लोखंड्याच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. कचेरीत त्यांच्या खुर्चीवर केव्हाच दुसरा बसला होता. परत जायला जागाच नव्हती.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी साहेब सुनेच्या डोहाळजेवणासाठी धारला गेले. आणि त्या दिवशी, ऐका बरं, लोखंड्या सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत एकदाही थांबला नाही! असा पळाला की भेराजीचे बैल तोंडातला चारा विसरून बघत राहिले.

संध्याकाळी साहेब परतले. बातमी ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याशिवाय चालला?"

"दिवसभर, साहेब."

"काय वेगळं केलंस?"

"काही नाही, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं: काही नाही. मला झोप आली नाही असं म्हणणार नाही. आली. पण उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी सरकार आले, देवासचा ठेकेदार आला. लठ्ठ, पान खाणारा, हातात छडी. ट्रॅक्टरकडे तो नवऱ्या मुलीकडे बघावं तसा बघत होता. शेजारच्या तासाला भेराजी जोडी घेऊन उभा, मुद्दाम. मी निघालो. पाव शेत, अर्धं शेत, आणि लोखंड्या विझला.

ठेकेदार पिंक टाकून म्हणाला, "चलो, बैल बुलवा लो. देवास तक खींचना पड़ेगा।"

मी सवयीनं टोपणाकडे हात नेला. "थांब!" साहेब ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोटाची चौकशी केली नाही. पगडी काढून बैठकीवर ठेवली, बांधावर मांडी घातली, कागद उघडला. "आता कुणी यंत्राला हात लावायचा नाही. अहो ड्रायव्हरसाहेब, इकडे या. कालची जबानी पुन्हा."

"साहेब, सांगितलं ना, काही—"

"माणूस घाबरला की काही नाही म्हणतो. तीस वर्षं ऐकलंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं बोल, बाळा. नोकरी गेली तर माझ्या घरी दोन वेळ जेवशील. पण हा देवासला गेला तर मी जेवणार नाही."

ठेकेदार हसत होता. सरकार घड्याळ बघत होते. मी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तोंडातलं खरं बाहेर आलं.

"काल सकाळी घासलेट भरताना टोपण बाभळीच्या फांदीवर अडकवलं आणि तिथंच विसरलो. दिवसभर टाकीवर रुमाल बांधून चालवला. संध्याकाळी टोपण आणून लावलं. आत धूळ गेली म्हणून तुम्ही रागवाल, म्हणून बोललो नाही."

मला वाटलं, आता बोरू फेकून मारतील. त्यांनी तो कानावर ठेवला आणि हळूहळू उठले. लोखंड्याजवळ गेले, टोपणावर दोन बोटं ठेवली आणि सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. मग टोपण केसभर फिरवलं.

स्स्स्स...

टाकीनं श्वास घेतला. पाण्यातून वर आलेला माणूस घेतो तसा लांब. बैलांनीसुद्धा कान टवकारले.

"भिया, यो तो घुट र्‍यो थो!" भेराजीच्या हातातला चाबूक खाली आला. गुदमरला होता बिचारा.

"घासलेट खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत जावी लागते," साहेब स्वतःशीच बोलावं तसं बोलले. "हवा मिळाली नाही की टाकी घासलेट धरून ठेवते. मी रोज टोपण उघडून बघत होतो, त्यानंच त्याला अर्ध्या तासाचा श्वास मिळत होता. हाताला यश म्हणे!" त्यांनी टोपण उलटसुलट केलं. "ह्याला मधोमध एक बारीक भोक असतं. कुठंय?"

भोक नव्हतं. होता तो शेंदूर. तेलात कालवलेला, बोटभर जाड, वाळून दगड झालेला. साहेबांनी बाभळीचा काटा तोडून आणला आणि तो शेंदूर टोकरून भोक मोकळं केलं.

"आता आरोपी," ते कडक आवाजात म्हणाले. "हा शेंदूर कुणी लावला?"

मी आभाळाकडे बघितलं, सरकारांनी बुटाकडे. शेवटी भेराजी पुढे आला. "साब, सबकी जबानी वइ गी. एक री रइ गी." सगळ्यांची झाली, एकाची राहिली.

"कोणाची?"

"आपरी."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, टोपणाकडे बघितलं. मग कागद घेऊन सरळ बांधावर बसले आणि विचारलं, "नाव?" आणि स्वतःचं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. प्रश्न विचारताना मान डावीकडे, उत्तर देताना उजवीकडे.

"धंदा?"

"पूर्वी पेशकारी. हल्ली ह्याची सेवा."

"खंडेनवमीला पूजा कोणी केली?"

"मी."

"टोपणाला शेंदूर का?"

"सगळ्यांत उंच भाग तो. म्हटलं हे डोकं. देवाला डोक्यापासून शेंदूर चढवतात."

"भोक दिसलं नाही?"

"दिसलं. उघडं वाईट दिसत होतं. म्हणून जास्त दाबून भरलं."

"किती बोटं घेतला?"

"तीन."

"एवढा कशाला?"

इथं उजव्या बाजूच्या साहेबांनी लोखंड्याकडे बघितलं. "आवडतो म्हणून," ते म्हणाले.

डाव्या बाजूच्या साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "गुन्हा कबूल?"

"कबूल."

निकाल जागेवर झाला. आरोपीनं इथून पुढे खंडेनवमीला लोखंड्यापासून दहा हात लांब उभं राहून नमस्कार करावा, शेंदूर दुसऱ्यानं लावावा. साक्षीदारानं, म्हणजे मी, पहिली जबानी खोटी दिली म्हणून त्यानं एक आठवडा काकूंच्या हातचं दोन वेळ जेवावं. अभयदान होतं तीच शिक्षा झाली! तो आठवडा कारल्याचा होता.

सरकार इतके हसले की घड्याळ खिशात ठेवायचं विसरले. मी हँडल मारलं. अर्ध्या शेतापासून त्या बांधापर्यंत, तिथून परत, पुन्हा, पुन्हा, वीस बिघे होईपर्यंत न थांबता. भेराजी शेजारच्या तासात जोडी पळवत होता. हरल्यावर बैल सोडून आला आणि लोखंड्याच्या बोनेटवर थाप मारली, धोळ्याच्या पाठीवर मारायचा तशीच. देवासचा ठेकेदार देवासला एकटाच गेला. छडी मात्र आमच्याकडे विसरला, ती पुढे साहेबांनी घासलेट मोजायला वापरली.

लोखंड्या त्यानंतर किती वर्षं चालला, ते मी सांगितलं तर तुम्ही मला खोटा म्हणाल, म्हणून निम्मंच सांगतो: अकरा वर्षं. मोडीत काढला तेव्हा सरकारांनी साहेबांना विचारलं, ह्यातलं काय पाहिजे? त्यांनी फक्त टोपण मागून घेतलं.

साहेब गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी धारला काकूंना भेटायला गेलो. देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि त्यांच्या मधोमध छोट्या पाटावर ते टोपण. ताज्या शेंदरानं लालभडक. मी वाकून बघितलं. मधलं भोक मात्र स्वच्छ मोकळं, पलीकडची भिंत दिसावी इतकं. शेजारी चांदीच्या वाटीत बाभळीचा एक काटा.

"रोज शेंदूर लावायचे आणि रोज काट्यानं भोक उघडायचे," काकू म्हणाल्या. "आता मी करते. त्याशिवाय त्यांना वर चैन पडायचं नाही." मग माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाल्या, "काटा दर खंडेनवमीला नवा लागतो. यंदा तू आण. आणि जेवूनच जा, कारली केलीयत."